नायिका मरायला नकार देते

तीर्थस्वरूप आत्यास,

रागावलेल्या भाचीचा नमस्कार. (राग तुझ्यावर नाही, त्यामुळे नमस्कार पुरता वाकून केला आहे असं समज.) तुझा खोकला कमी झाला का? डोळ्यांत थेंब घालतेस ना? इकडे सगळे मजेत आहेत, मी सोडून. माझं डोकं तापलंय आणि ते तुझ्या चिरंजीवांनी तापवलंय.

मी सख्ख्या आतेभावाचं नाटक वर्तमानपत्रातून पाडलं, असं तू आईला फोनवर म्हणालीस म्हणे. (आई फोन स्पीकरवर ठेवून भाजी चिरते, हे एकदा सगळ्या नातेवाइकांना कळवायला हवं.) म्हणून घडलं ते सांगते. दादानं बसवलेल्या नाटकात एक थोर लेखक आहे. त्याची बायको दोन अंक त्याचं ताट वाढते, तिसऱ्यात आजारी पडते आणि मरते. मग तो तिच्या पलंगाशी उभा राहून बराच वेळ बोलतो आणि शहाणा होतो. मी परीक्षणात एवढंच लिहिलं, की या बाईला काय हवं होतं हे नाटकात कुणीच विचारत नाही, आणि तिला मारलंय ते नवऱ्याला अक्कल यावी म्हणून. आमचे संपादक मजकूर वाचून म्हणाले, जरा बायकी वाटतंय. मी म्हटलं, लिहिणारी बाईच आहे, चालायचंच. छापून आलं आणि सकाळीच दादाचा फोन.

“तू नाटक बघत नाहीस, नाटकातल्या बायका मोजतेस!”

“मोजायला कितीसा वेळ लागतो?” मी म्हटलं. “एकच असते, तीही मरते.”

त्यानं फोन आपटला. मग ग्रंथालयात चर्चा ठेवली, ‘स्त्रीवादी समीक्षा : गरज की अतिरेक?’ मंचावर तीन पुरुष. एक नाटककार, एक प्राध्यापक आणि दादा. मला दाराजवळची खुर्ची, आणि अध्यक्षांनी सांगितलं की ताईंनी थोडक्यात बोलावं. तिघं मात्र विस्तारानं बोलले. मला सौंदर्यदृष्टी नाही, विनोदबुद्धी नाही आणि बहुधा संसारात सुख नाही, असं त्यांचं एकमत झालं. लोक हसले. मी थोडक्यात बोलायला उभी राहिले तेव्हा अध्यक्षांनी आभार मानायला घेतले होते. आत्या, माझे कान असे पेटले होते की त्यावर चहा उकळला असता.

जिन्यात ती भेटली, नाटकात बायकोचं काम करणारी नटी. मला वाटलं, हीसुद्धा भांडणार. पण ती कठड्याला टेकून हळूच म्हणाली, “मला आजवर वाटायचं, माझा अभिनय कमी पडतो. म्हणून प्रत्येक नाटकात मला मारतात.” आणि निघून गेली. तिचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलेना, म्हणून पुढच्या प्रयोगाला मी पदरच्या पैशानं तिकीट काढून गेले.

तिसरा अंक. ती पलंगावर मेलेली. लेखक गहिवरून म्हणतो, “तुझ्या जाण्यानं मी माणूस झालो!” आणि ती उठून बसली. केस मागे सारले आणि म्हणाली, “माणूस झालास ना? मग चहा ठेव.” मग पहिल्यांदा मागच्या रांगेतून बायकांच्या टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. लेखकाचं काम करणारा बिचारा खरंच चहाचं भांडं शोधायला विंगेत गेला.

दादानं तिला मेकअप उतरायच्या आत काढून टाकलं. सगळ्या कंपनीसमोर. कारण शिस्त मोडली. ती एकटी घर चालवते, हे त्याला माहीत होतं. माझा राग त्या परीक्षणावरून नाही गं, यावरून आहे. मला नावं ठेवा, मला सवय आहे. तिच्या पोटावर पाय का?

असो. थेंब विसरू नकोस.

तुझी भाची

ता. क. : काल पुन्हा प्रयोग पाहिला. आता नवी मुलगी आहे, आणि तीही उठून बसते! रोज, दादाच्या हुकमानं. दुसऱ्या वर्तमानपत्रानं त्याला ‘स्त्रीमनाचा धाडसी दिग्दर्शक’ म्हटलंय. मुलाखतीत तो सांगतो, शेवट त्याला ध्यानाला बसल्यावर सुचला.

आणखी ता. क. : काढून टाकलेल्या नटीला घेऊन आम्ही नवं नाटक बसवतोय. लिहितेय मी. तुझ्या घराच्या तळमजल्यावरचा हॉल, जिथे संध्याकाळी दादाच्या तालमी होतात, तो सकाळी आम्हाला दे. त्याला विचारून सांगते असं म्हणू नकोस. घर तुझ्या नावावर आहे.

शेवटचा ता. क. : नाटकात एका म्हातारीचं काम आहे. मरायचं नाही. खुर्चीत बसून मुलाशी शेवटपर्यंत भांडायचंय. तुला तालमीची गरज पडेल असं वाटत नाही.