अमावस्येची ऑर्डर

१२ नोव्हेंबर २०२५

शिकवणार म्हणजे शिकवणारच! आज मुख्याध्यापक शिवकुमार सरांनी सगळ्या शिक्षकांसमोर टोमणा मारला – "चंद्रप्रभाबाई, दुकानदारी शिकायला शाळा कशाला? आपल्या ईट गावचा बाजार हाय की!" माझा शनिवारचा उद्योजकतेचा तास त्यांच्या डोळ्यांत खुपतो. खुपू दे. नववीच्या पोरांकडून मी व्याख्या घोकून घेणार नाही. काहीतरी बनवा, फोटो काढा, मोबाईलवर विका – एवढंच सांगितलंय.

१५ नोव्हेंबर

हर्षालीनं बाजी मारली! तिची आजी सारजाबाई घरी भट्टीवर खवा करते. पोरीनं त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला आणि धाराशिवच्या एका मिठाईवाल्यानं पाच किलो मागितला. वीस तारखेला हवाय. वर्गानं बाकं बडवली. मी नाचलेच असते, पण हे गुडघे!

१७ नोव्हेंबर

पोरं आता शनिवारची वाट बघतात. सर नाहीत बघत.

१८ नोव्हेंबर

घोळ झाला. वीसला अमावस्या! हर्षालीच्या वस्तीवर अमावस्येला दुधाचा थेंब विकत नाहीत, ना त्याचा खवा. सारजाबाई तणतणत शाळेत आल्या. "बाई, लेकरास्नी हेच शिकविता व्हय? म्या भट्टी पेटवणार न्हाय!" सरांना उलटून बोलणारी मी, पण म्हातारीपुढं हात जोडले. कॅलेंडर बघायचं मला तरी कुठं सुचलं? ऑर्डर रद्द. हर्षाली मान खाली घालून उभी होती. लई वाईट वाटलं.

२१ नोव्हेंबर

सरांना आयतंच निमित्त सापडलं. "माफी लिहून द्या, न्हायतर तास बंद." दिली लिहून – 'विद्यार्थिनीकडून अजाणतेपणी चूक झाली, क्षमस्व.' तासासाठी दिली, त्यांच्यासाठी नव्हे! उद्याचा तास कोण अडवतो ते बघतेच.

२२ नोव्हेंबर

तास झाला. हर्षाली मागं थांबली.

"मॅडम, चूक न्हवती ती. अमावस्या हाय, मला ठाव होतं, म्हणूनच ऑर्डरला व्हय म्हणलं. रोज सगळं दूध पहाटंच डेअरीला जातंय, आजीच्या भट्टीला दोन-चार लिटर उरतं. पाच किलोला लई दूध लागतंय. अमावस्येला मात्र सगळ्या वस्तीचं दूध घरीच ऱ्हातंय. मोठी ऑर्डर आली की आजी ऐकंल, वाटलं. न्हाय ऐकलं." मग हळूच – "पुढच्या अमावस्येची घेऊ का?"

अजाणतेपणी म्हणे! सोमवारी पहिल्या घंटेआधी सरांकडून तो माफीचा कागद परत मागणार.