बोअरातलं डिझेल

प्रिय सत्याताई,

अक्षर बघून हसू नको. शाळेत होतं तसंच वाकडं हाय.

ऊसतोडीवरून आलो अन् दुसऱ्याच दिवशी गावच्या एकुलत्या चालू बोअरला डिझेलचा वास. टँकरचा भरवसा न्हाई, त्यात हे. समद्यांनी माझंच नाव घेतलं. मागं मी टाकीत नीळ कालवलती ना! सारजाबाई वरडली, "ह्या मेल्याला हंडा लावू देऊ नका." तुझ्या आबांनी तर दूध सोसायटीचे चेरमन म्हनून मला रांगेतूनच काढलं. माझी माय शेजारच्या गावाहून पाणी आणायली.

म्हनून तू सुट्टीवर आलीस तवा बोअरच्या पाण्याची बाटली तुझ्या गळ्यात मारली. तू म्हनलीस, सोसायटीच्या डेअरीमागची मातीबी दे. मला वाटलं, ही आसामात तेलाच्या विहिरी तपासती, हिला आमच्या पाण्याचं काय कळणार! मग तुझा फोन आला अन् माझं डोकंच गरगरलं. तेल कोणत्या खडकात शिजलं, दोन विहिरींचं तेल एकाच साठ्यातलं का, हे म्हनं एक थेंब सांगतो! अन् मातीतले जंतू तेल खात्यात, सोपं सोपं आधी, अवघड मागं ठिवत्यात. आपल्या बोअरातलं सोपं समदं खाऊन झालेलं. म्हंजे काल वतलेलं न्हाईच, लई दिसांपासून मुरायलंय. मुराया लागलं तवा मी तिकडं कोल्हापूरकडं कोयता चालवीत होतो. अन् डेअरीमागच्या मातीतबी तेच उष्टं! काय बाई हाईस तू! जंतूंची साक्ष काढलीस.

आमच्यासारख्या पोरांनी चोरू नये म्हनून आबांनी जनरेटरच्या डिझेलचं पिंप डेअरीमागं जमिनीत पुरलतं. तेच गंजून गळलं. अन् हे तू मला सांगायच्या आधी आबांना सांगितलंस. माझी न्हाई झाली असती छाती.

मी भोंग्यावरून गावभर वरडणार होतो. पर त्याआधीच आबा मीटिंगमधी उभे राहिले. "पिंप मी पुरलं. शहादेवाला कुनी बोलू नका." मग उकरायला फावडं घेऊन मीच पुढं. आता बोअर उपसायलोत. तू हो म्हनल्याबिगर कुनी घोटभर पीत न्हाई.

पर तवापासून तू आबांचा फोन उचलीना. बापाला चारचौघात मान खाली घालाया लावली, असं वाटतंय व्हय तुला? अगं, दूध घालाया येईल त्याला धरून ते जंतूंची गोष्ट सांगायलेत, तीबी अर्धी चुकीची. आत्ता माझ्या शेजारीच बसलेत. म्हनले, "लिही बे. म्हनावं, बाप रागावला न्हाई. फोन ती उचलीना." अन् तोंड फिरवून बसलेत, मी डोळं बघू नये म्हनून. ताई, आज फोन कर.

तुझाच राखीचा उनाड भाऊ,
शहादेव