नेपाळच्या घाटात निसटलेलं चेनलॉक

बाबा, काल सोसायटीचा पंप दुरुस्त झाला. माणूस पाने पिशवीत टाकून निघाला होता. त्याला मी जिन्यातून परत बोलावलं आणि एकेक नट माझ्यासमोर पान्याने आवळून दाखवायला लावला. मग प्रत्येक नटावर खडूची रेघ मारली आणि म्हटलं, आता जा. खारघरच्या या इमारतीत मला पाठीमागे 'खडूवाल्या काकू' म्हणतात, ठाऊक आहे मला. म्हणोत बापडे. ही खोड तुमचीच. एकाने आवळायचं, दुसऱ्याने तपासायचं आणि तपासणाऱ्यानेच खूण करायची, हा कारखान्यातला नियम तुम्ही वाशीच्या घरातही आणला होता, अगदी गॅसच्या नळीलासुद्धा. आई वैतागून म्हणायची, "हे घर आहे की वर्कशॉप?"

नेपाळचं ठरलं तेव्हा माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. ह्यांच्या ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपनीतली चार जोडपी, चार मोटारसायकली. गाड्या गोरखपूरपर्यंत रेल्वेने, पुढे सगळं चालवत. सासूबाईंनी आठवडाभर अबोला धरला. तुम्ही मात्र एवढंच विचारलंत, "वाटेत चेन निघाली तर कोण जोडणार?" हे म्हणाले, मी. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "जावईबापू चालवतील. गाडी तू ओळखायची." मग महिनाभर दर रविवारी तीच कसरत. आईच्या स्वयंपाकघरात वर्तमानपत्रं अंथरलेली, जुन्या पातेल्यात ग्रीस वितळतंय, त्यात चेन बुडालेली, आई नाकाला पदर लावून दारात उभी. आणि तुम्ही मला चेनलॉक दाखवताय. चेनची दोन टोकं जोडणारी कडी, आणि ती जागेवर धरणारी नखाएवढी क्लिप. "बंद बाजू चेन फिरते त्या दिशेला. उलटी लागली की आज ना उद्या निसटणार." एकदा मी उलटी लावली. तुम्ही ओरडला नाहीत. "गाडीवर दोन जीव असतात," एवढंच म्हणालात, आणि ते मला थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

निघायच्या सकाळी चेन तुम्ही स्वतः चढवलीत, दारासमोर उकिडवे बसून. खडू माझ्या हातात दिलात, मी खूण केली. मग फिल्मच्या रोलची रिकामी डबी दिलीत, त्यात दोन जादा चेनलॉक. लग्नातल्या पाटल्यांपेक्षा मी ती डबी जास्त जपली.

सुनौलीला सीमा ओलांडली. परदेश म्हणून मी खास नायलॉनची साडी घेतली होती. पहिला घाट लागताच ती पिशवीत गेली आणि मी ह्यांची पँट चढवली. बाकीच्या तिघींनी संध्याकाळपर्यंत तेच केलं. आयुष्यात इतकी खूश मी क्वचितच झाले असेन. दुसऱ्या दिवशी बुटवलच्या पुढच्या चढावर इंजिन एकाएकी मोकळं ओरडलं आणि गाडी मागे यायला लागली. डाव्या हाताला खोल नदी. ह्यांनी ब्रेक दाबून धरले, मी उडी मारून चाकाखाली दगड लावला. चेन मागे रस्त्यावर पडलेली. क्लिप कुठेच नाही. ह्यांनी गाडी धरून ठेवली, डबीतलं लॉक मीच बसवलं, ग्रुपमधल्या एकाला तपासायला लावलं. "कुणी लावली होती ही चेन?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "मी." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि किक मारली. पुढे पोखरापर्यंत सगळे मला मिस्त्रीणबाई म्हणून चिडवत होते. मी हसत राहिले. तुमच्या हाताला कारखान्यात जो मान होता, त्याला बोट लावू देणार नव्हते मी.

परत आल्यावर तुम्ही आधी डबी मागितलीत. उघडलीही नाहीत, कानाशी धरून हलवलीत. "एक कमी आहे."

"पडलं असेल कुठेतरी," मी म्हटलं.

"डबीतलं पडत नाही. चेनवरचं पडतं, उलटं लावलं तर." तुम्ही हाताचे तळवे डोळ्यांजवळ नेऊन बघितलेत. "मला हल्ली बारीक दिसत नाही. कुणाला बोललो नाही." दुसऱ्या दिवशी आपण दोघं डॉक्टरकडे गेलो. मोतीबिंदू निघाला. ऑपरेशननंतर तुम्हाला स्वच्छ दिसायला लागलं, तरी तुम्ही फिटिंग सोडून स्टोअरमध्ये बदली मागून घेतलीत. "पोरीला दरीत घालत होतो मी," आईला म्हणालात. मी बाहेर भाजी निवडत होते, ऐकलं. निवृत्तीपर्यंत पाच वर्षं तुम्ही खिडकीआडून दुसऱ्यांना हत्यारं देत राहिलात.

तुम्ही आता नाही, म्हणून हा कागद पोस्टात टाकायचा नाही, तुमच्या डबीसोबत कपाटात राहील. नियम तुमचा होता, तरी तुम्ही मला कधीच विचारलं नाहीत की तपासलं कुणी. स्टेशन गाठायची घाई होती आणि काम तुमच्या हातचं होतं, म्हणून मी वाकलेच नाही. न बघता खूण केली. माझे डोळे तेव्हा चांगले होते, बाबा.