घरात दुसरी बाई आहे का?

३ फेब्रुवारी

पासष्टी गाठली. भत्ता बंद!

कचेरीतल्या खिडकीवरच्या मुलाने स्क्रीनवरची नजर न काढता सांगितलं — "आजी, या महिन्यापासून तुमचं नाव निघालं." मागच्या खेपेपर्यंत मी मावशी होते. वाढदिवसाला थेट बढती.

म्हटलं, नाव निघालं म्हणजे? तर म्हणे, सांभाळणाऱ्याचा भत्ता पासष्टीपर्यंतच. त्यानंतर तुम्ही वृद्धांत मोडता. वृद्ध माणूस कोणाला सांभाळतो असं धरत नाहीत.

"मग माझा मुलगा उद्यापासून आपल्या हाताने आंघोळ करेल?"

तो ओशाळला. वाईट नाही पोरगा. आवाज उतरवून म्हणाला, "मुलाची अपंगत्वाची पेन्शन चालूच राहील हो. फक्त सांभाळणाऱ्याचं नाव बदलून द्या. घरात दुसरी बाई आहे का?"

"बाई नाही. एक पुरुष आहे. चालेल?"

त्याला वाटलं मी थट्टा करतेय. हसला. मग नियम वाचला, खालपर्यंत. "चालायला हरकत नाही तशी…" स्वतःच चकित!

त्याच्या मागे भिंतीवर तक्ता आहे. इतकी वर्षं त्याच्यासमोर उभी राहिले, आज नीट पाहिला. पेन्शन घेणारे पुरुष नि बाया जवळपास बरोबरीने. सांभाळणाऱ्यांच्या रकान्यात मात्र बायांचा खांब पार छताला टेकलेला, पुरुषांचा एवढासा, खुंटीसारखा. आणि पासष्टीनंतर दोन्ही गायब. जणू आम्ही सगळ्याजणी त्या दिवशी पोरांना खाली ठेवून निघून जातो.

४ फेब्रुवारी

धाकट्याला सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्तीला जातो, हात काळे करून संध्याकाळी येतो. हात धूत धूतच म्हणाला, "मी करतो."

दूध आणतो म्हणावं, तसं!

मी म्हटलं, अरे, नोकरी? तर बिनपगारी तीन महिने सुट्टी मागतो म्हणाला. तोवर भत्ता त्याच्या नावावर झाला की बघू. थोरला आतून ऐकत होता. त्याचं बोलणं सावकाश, एकेक अक्षर ओढून आणावं लागतं त्याला. पण डोकं आमच्या दोघांपेक्षा तल्लख. जन्मताना श्वास अडकला तेव्हा हात-पाय आखडले, डोकं नाही.

तो म्हणाला, "मला… कोणी… विचारलं?"

खरंच कोणी विचारलं नव्हतं. धाकट्याने विचारलं, "दादा, मी चालेन?"

"बघू."

६ फेब्रुवारी

शेजारीण येऊन गेली. "धडधाकट पोरगा घरी बसवणार? आणि त्याचं लग्न?" मी तिला चहा दिला. मी बांधकाम खात्यातली चांगली नोकरी सोडून घरी बसले, तेव्हा हिच्या सासूने मला शाबासकी दिली होती.

९ फेब्रुवारी

पहिली आंघोळ. दोघं आत, मी दाराबाहेर टॉवेल घेऊन. पाणी कोमट हवं, मानेला आधार दे, डावीकडून वळव — सगळं बाहेरून ओरडून सांगत होते. आतून आधी काही नाही. मग हसणं. थोरल्याचं! खोकला येईपर्यंत हसला.

माझ्या हातची आंघोळ करताना तो कधी हसला नाही. चाळिशीला आलेल्या माणसाला आई आंघोळ घालते. त्यात हसण्यासारखं काय असणार, हे आज डोक्यात आलं.

टॉवेल दाराच्या कडीला अडकवून स्वयंपाकघरात आले.

१० फेब्रुवारी

करायला काही नाही. घासलेली भांडी पुन्हा घासली.

१७ फेब्रुवारी

धाकट्याने घर लिफ्टच्या खड्ड्यासारखं करून ठेवलंय. पलंगाशेजारी भिंतीत लोखंडी दांडा. बाथरूममध्ये दुसरा. न घसरणारं स्टूल. दिवसभर ड्रिलचा आवाज. थोरला खुर्चीत बसून हुकूम सोडतोय — "वर… अजून… मूर्खा… वर."

दुपारी दांडा धरून उठायचा प्रयत्न. धाकटा हात मागे बांधून उभा! "दादा, मी धरणार नाही."

पडला. धप्पकन. मी धावले. धाकट्याच्या पाठीत दोन घातल्या, जनावर म्हटलं, काय काय म्हटलं. थोरल्याला उचलायला वाकले तर जमिनीवरून तो माझ्याकडे बघून म्हणाला,

"आई… बाहेर."

१८ फेब्रुवारी

दोघांची ताटं वाढली, माझं घेऊन स्वयंपाकघरातच जेवले.

२६ फेब्रुवारी

आज स्वतः दाढी केली त्याने. डाव्या हाताने. गाल ठिकठिकाणी कापलाय, हनुवटीखाली एक पट्टा तसाच राहिलाय. आरशासमोरून हलायला तयार नाही.

मी म्हटलं, छान. मला छान वाटलं का? वाटलं. आणि वाटलं नाही. तो चेहरा मी इतकी वर्षं पुसला. आज कोण्या परक्या घरच्या पुरुषासारखा दिसला — रुबाबदार, थोडा चिडका. ह्यांच्यासारखा. हे असते तर म्हणाले असते, सोड ना आता त्याला!

५ मार्च

दोघांनी मिळून मला घराबाहेर काढलं. जा, फिरून ये. बागेत जाऊन बसले. एका तासाने परत. कुठे जायचं असतं लोकांना?

१२ मार्च

धाकट्याचं नाव लावण्याआधी तपासणी होणार. कचेरीतली बाई सोमवारी घरी येणार.

रात्रीची भांडी आवरताना एकदम लक्षात आलं. ती बघणार काय? दांडा धरून उठणारा, दाढी करणारा, डाव्या हाताने चमचा धरणारा माणूस. मग सांभाळणारा हवा कशाला, असं म्हणणार. आणि भत्ता गेला तर धाकट्याच्या बिनपगारी सुट्टीचं काय, थोरल्याच्या नि ह्यांच्यामागे मला मिळणाऱ्या तुटपुंज्या पेन्शनीत तिघांचं काय?

१५ मार्च

सांगितलं. लिहायलाही जड जातंय, पण सांगितलं — "उद्या तिच्यासमोर चमचा धरू नकोस. मी भरवते. तासाभराचा प्रश्न आहे."

धाकटा उठून गॅलरीत गेला.

थोरल्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. मग मान हलवली. हो म्हणाला की नाही, कळलं नाही मला. त्याची मान मला कळली नाही असं आजवर झालं नव्हतं.

१६ मार्च

बाई आली. तरुण, सुती साडी, पायात बूट. आल्या आल्या धाकट्याला म्हणाली, "तुमच्या मिसेस कुठे आहेत?" सांभाळणारा तोच आहे म्हटल्यावर माफी मागितली. या भागात पुरुष सांभाळणारा तिने पहिल्यांदाच पाहिला म्हणे.

मग प्रश्न. कपडे कोण घालतं? शौचाला कोण नेतं? धाकटा खाली बघून "मी, मी" म्हणत होता. खोटं बोलताना तो लहानपणापासून नखं खरवडतो.

मी चहा आणला. थोरल्याची बशी माझ्या हातात. फुंकर घातली, त्याच्या ओठांशी नेली.

त्याने तोंड वळवलं.

डावा हात पुढे केला. ट्रेमधला कप उचलला. थरथरत, अर्धा सांडत, शर्टभर चहा — पण तोंडापर्यंत नेला. प्यायला. खाली ठेवला. आणि त्या बाईला म्हणाला, "दाढी… पण… मीच."



तिने पेन खाली ठेवलं. मला विचारलं, "आधी किती वर्षं तुम्ही भरवत होतात?"

"कायमच."

"अच्छा," म्हणाली. दोष देत नव्हती, कौतुकही नव्हतं. नुसतं अच्छा. ते अच्छा दिवसभर चपलेतल्या खड्यासारखं टोचतंय.

ती गेल्यावर मी त्याचा शर्ट बदलायला गेले. बटणं त्याने आधीच काढायला घेतली होती. मी दारातूनच परतले.

२३ मार्च

निकाल नाही. घरात सगळे फारच गोड वागतायत.

२ एप्रिल

सकाळी कचेरीतून फोन आला. मी नळाशी भांडी घासत, धाकटा खाली पाण्याच्या पंपाशी. थोरल्यानेच उचलला. भत्ता नामंजूर. धाकट्याला नाही, कोणालाच नाही. या इसमाला पूर्णवेळ सांभाळणाऱ्याची गरज उरलेली नाही, असं त्यालाच ऐकवलं त्यांनी. फोन ठेवून त्याने मला हाक मारली. ओले हात घेऊनच गेले. खुर्चीत ताठ बसला होता.

"आई… मी… पास."