बिनफोडणीचे दिवस

जळगाव,
डिसेंबर १९९८

प्रिय अक्का,

फोन करता आला असता. पण फोन बैठकीत आहे आणि आईही बैठकीतच असते, म्हणून हे पत्र. आधी मुद्द्याचं लिहितो, नाहीतर म्हणशील, चुडामणला पाल्हाळाशिवाय काही येत नाही. आमच्या डॉ. चौधरींनी मुंबईहून फ्लूच्या आणि न्यूमोनियाच्या लसी मागवल्या. नानांना दोन्ही टोचून झाल्या. आईच्या दोन्ही दवाखान्याच्या फ्रिजमध्ये तिच्या नावाने ठेवल्या आहेत आणि आई काही टोचून घ्यायला तयार नाही. गेल्या थंडीत न्यूमोनियाने तिची काय गत केली ते तू उशाशी बसून पाहिलं आहेस. पुन्हा तसं झालं तर तिची छाती निभावेल याची खात्री नाही, असं डॉक्टर स्पष्टच म्हणाले. विजेचा भरवसा नाही, त्यामुळे लस शनिवारपर्यंत ठेवतील. मग ती दुसऱ्या कुणाला.

या घोटाळ्याचं मूळ बहुधा मीच. लसीबरोबरचा कागद मी दोनदा वाचला होता, आणि अर्धवट खरं सांगणं मला जमत नाही. जेवताना दोघांना सांगून टाकलं, की दंड लाल होईल, थोडी कणकण येईल, एक-दोन दिवसांत उतरेल. आईचा घास हातातच राहिला. टोचलं, ताप आला, दंडावर लाल उठलं, म्हणजे देवीच की! तिच्या लहानपणी गावात देवी काढायला माणूस यायचा, तेव्हा घरोघरी जे पाळायचे ते तिला सगळं पाठ. मी म्हणालो, देवीचा रोग देशातून जाऊन वीस वर्षं झाली. तर म्हणाली, "रोग गया. देवी कोठे जाई?"

नाना मात्र मोठ्या थाटात गेले. दवाखान्यात सदरा काढून, आखाड्यात उतरल्यासारखे स्टुलावर बसले. एका दंडात एक, दुसऱ्यात दुसरी. म्हणाले, बरं झालं, एका घरात ठेवल्या असत्या तर भांडल्या असत्या. घरी आलो तो दाराला कडुनिंबाचा डहाळा! नानांच्या दंडावर रुपयाएवढा लाल डाग उमटला आणि आईने घरातली फोडणी बंद केली. तळण बंद, ठेचा बंद, नानांची दाढी बंद, दार आपटणं बंद. ऐन भरताच्या दिवसांत हिरवी, टपोरी वांगी टोपलीत पडून, आणि आम्ही दहीभात खातोय. तुझी भावजय मला म्हणाली, एवढी शांतता घरात बाळ झालं तेव्हाही नव्हती. तिसऱ्या दिवशी शेजारच्या कौतिकने बातमी आणली, की नाना स्टँडजवळच्या खानावळीत शेवभाजीचा रस्सा भुरकत बसलेत, दाढीवर तर्री. घरी आल्यावर आईने धारेवर धरलं, तर शांतपणे म्हणाले, "देवीले इचारीसनच गयथू."

मग डॉक्टर स्वतः घरी आले. पंधरा मिनिटं समजावून थकले आणि म्हणाले, बरं माय, देवी तर देवी, पण दंड पुढे करा. मला हे पटलं नाही. खोट्याला रुकार देऊन खरं काम करून घ्यावं का, यावर मी रात्री डायरीत पानभर लिहिलं आणि शेवटी डॉक्टरांच्याच बाजूने निकाल दिला. पण आईने लगेच नवी अट काढली. नानांचं पथ्य तिने सांभाळलं. आता तिला टोचलं की ती चुलीजवळ जाणार नाही, मग तिचं कोण सांभाळणार? तुझी भावजय रजा काढायला तयार झाली. आई म्हणाली, सुनेचं चालत नाही, पोटची लेकच लागते. असा नियम मी कधी ऐकला नव्हता. कौतिकच्या आजीला जाऊन विचारलं. तिनेही ऐकला नव्हता, आणि देवीच्या बाबतीत तिने न ऐकलेलं काही असेल असं वाटत नाही.

काल कॉलेजातून लवकर आलो, तर फाटकापाशीच लसणाच्या फोडणीचा वास. आत आई चुलीपाशी एकटी उभी, तव्यावर ठेचा परतत होती. नानांचे पाळणुकीचे दोन दिवस अजून बाकी होते! मला पाहून तिने ठेचा ताटलीत काढून झाकला आणि आधी माझ्यावरच ओरडली, की चोरासारखा काय येतोस. मग बराच वेळ तवा घासत राहिली. मान वर न करता म्हणाली, "पोरले येऊ दे. मंग टोची लेसू." आणि हे अक्काला सांगायचं नाही, अशी ताकीद. सांगू नको म्हणाली, म्हणून फोन केला नाही. लिहू नको असं म्हणाली नव्हती. ही पळवाट आहे हे मला कळतं, पण आज मी ती घेतोय.

अक्का, हॉस्पिटलात तू तिची मिसरीची डबी खिडकीतून फेकलीस ते बरोबरच होतं. सगळ्या वॉर्डासमोर तिने तुला "हुकूम सासरी चालव" म्हटलं, ते चूक होतं. तिलाही ते कळतं, पण तसं म्हणणं तिच्या तोंडून निघणार नाही. आखाजीला गल्लीतल्या साऱ्या लेकी माहेरी झोका खेळायला आल्या, तू आली नाहीस. अंगणात बांधलेला झोका तिने दिवाळीपर्यंत सोडू दिला नाही, म्हणे त्याच्यावर गोधड्या छान वाळतात. शुक्रवारी दुपारच्या धुळे-जळगाव बसने ये, मी स्टँडवर असेन. शनिवारी सकाळी तिला तूच घेऊन जा. दाराचा डहाळा मी अजून काढलेला नाही, वांगीही राखून ठेवली आहेत. आणि येताना एक मिसरीची डबी आण. छातीसाठी लस टोचायची आणि हातात मिसरी द्यायची, हे काही मला पटत नाही. पण रिकामी आणलीस तरी चालेल.

तुझाच, वाट पाहणारा,
चुडामण