पट्टीवरची पेन्सिलीची रेघ

३ जानेवारी १९२७, सोमवार
ठरलं एकदाचं. गोदीच्या उजव्या पायाचं ऑपरेशन गुरुवारी, इथल्याच दवाखान्यात. डॉक्टर खांडव्याहून येणार. गुडघ्याच्या वर हाड कापून पाय सरळ करायचा. डावा नंतर. पोर अकरा वर्षांची. चालताना गुडघ्याला गुडघा घासतो, आमच्या इतवारा पेठेतल्या पोरी मागून नक्कल करतात. हाड जुळेल, भीती रक्ताची, असं डॉ. म्हणाले.
सौ.ने इच्छापूरच्या इच्छादेवीला नवस केला. गोदी स्वतःच्या पायांनी टेकडी चढून ओटी भरेल. मास्तरने देवीशी वाद घालू नये.

६ जाने., गुरु.
झालं. ओसरीवर बसून हातातली टोपी पार चुरगळली.
डॉ.नी नंतर समजावलं. मांडीला रबरी पट्टा आवळून हाड कापलं. टाके घालण्याआधी पट्टा सोडला आणि जिथून रक्त आलं ती प्रत्येक शीर बांधली. म्हणून वेळ लागला. वरून कापूस दाबून पट्टी, बाजूंनी फळ्या. खाटेच्या पायथ्याखाली विटा. पाय छातीपेक्षा वरच राहिला पाहिजे, हे दोनदा बजावलं आणि संध्याकाळच्या गाडीने गेले.
गोदी शुद्धीवर. पाणी मागते, देता येत नाही.

७ जाने., शुक्र.
पट्टीवर रुपयाएवढा लाल डाग. कंपाउंडरने त्याच्याभोवती पेन्सिलीने रेघ ओढली. "मास्टरसाब, लकीर के बाहर गया तो बुलाना." दिवसभर ती रेघच बघत बसलो. डाग आत आहे. बोटं गरम.

८ जाने., शनि.
शनिवारची अर्धी शाळा सुटताच गेलो. खाट सपाट! विटा भिंतीशी रचून ठेवलेल्या. डाग रेघेबाहेर चांगला चार बोटं, खालची चादर ओली. गोदीचे ओठ पांढरे.
विटा सौ.नेच काढल्या होत्या. समोरच्या खिडकीकडे इच्छापूर. "देवीकडं पाय वर करून निजवली पोरीले, म्हणून तर रक्त आलं." मी नको नको ते बोललो, साऱ्या वॉर्डासमोर. ती रडली नाही, पण विटांपुढून हलेना.
शेवटी गोदीच म्हणाली, "मंग खाटच फिरवा ना."
आम्हा दोघांच्या डोक्यात हे का आलं नसेल? चौघांनी खाट उचलून फिरवली. डोकं इच्छापूरकडे, पायथा वर. सौ.ने स्वतः विटा लावल्या. कंपाउंडरने वरून आणखी एक पट्टी दाबून बांधली, नवी रेघ ओढली. डॉ.ना तार केली. फार घाबरलोय. घट्ट पट्टीने बोटं गार पडतील, सैल केली तर रक्त. सौ. बोटं धरून बसली आहे.

९ जाने., रवि.
डाग रेघेच्या आत. डॉ. आले, पट्टी थोडी सैल केली, नाडी बघितली. रक्त बरंच गेलंय, पण थांबलंय. रागावले माझ्यावर. सौ.कडे बोट दाखवावंसं वाटलं, दाखवलं नाही.

१४ जाने., शुक्र. संक्रांत.
डाग वाळून काळा. गोदीने तिळगूळ खाल्ला. बोटं हलतात, अंगठा मात्र वर होत नाही. डॉ. म्हणाले, 'बघू'. त्यांचं 'बघू' मला आवडत नाही.
डाव्या पायाचं विचारून गेले. पुढच्या खेपेला उत्तर हवं.
सौ. म्हणाली, "डावा राहू द्या तसाच. पुन्हा ते रक्त मले नाही पाहवणार." मला बरंच वाटलं, खोटं कशाला लिहू.
गोदी ऐकत होती. "एक सरळ, एक वाकडा. मंग टेकडी कशी चढू, आई?"
सौ. उठून खिडकीशी गेली. मी पट्टीवरची जुनी रेघ बघत बसलो.