वहिनी, सुलतानपूरचं पत्र पोचलं होतं

प्रिय वहिनी,

काल तुमची तेरवी झाली. भाड्याची भांडी परत गेली, पाहुणे एकेक करून बुलढाण्याच्या गाडीकडे निघाले. तुमचे भाऊ, नामदेवभाऊ, ओट्याच्या पायरीवर बसून वहाणा चढवत होते. चढवता चढवता ते मला एक गोष्ट बोलून गेले. त्यांच्या लेखी ती जुनी आठवण होती. मी मात्र तिच्यामुळेच आज हे लिहायला बसलो आहे.

बारा वर्षं मी समजत होतो की ती गोष्ट या घरात फक्त मला ठाऊक आहे. तुम्ही गेलात तेव्हा, लिहायला लाज वाटते, पण रडता रडता मनाच्या एका कोपऱ्यात मला सुटल्यासारखंही वाटलं. आता कोणी विचारणार नाही! असा तुमचा हा धाकटा दीर.

नामदेवभाऊ काय म्हणाले ते पुढे लिहितोच. आधीचं सांगितल्याशिवाय ते कळायचं नाही. आणि मला मधलं गाळायची खोड आहे, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत? आज सगळं क्रमानं लिहितो.

मी अमरावतीहून बी.ए. होऊन देऊळघाटला आलो तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता. जिल्हा परिषद नवी, गावोगावच्या शाळा नव्या. जो तो म्हणायचा, आता शिकलेल्यांचे दिवस आले! दादानं माझी ट्रंक बसवरून स्वतः उतरवली आणि डोक्यावर घेऊन घरी आणली. मला हात लावू दिला नाही. तुम्ही दारात भाकरतुकडा ओवाळून टाकलात आणि हसून म्हणालात, "या सायेब."

मग पुढची तीन वर्षं साहेबांनी काय केलं? अर्ज केले! बुलढाण्याला जाऊन एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव नोंदवलं, कार्डावर दर खेपेला शिक्का मारून आणला. गुणपत्रिकेच्या नकलांवर साहेबाची सही मिळावी म्हणून कचेरीच्या व्हरांड्यात बसलो. ग्रामपंचायतीतलं वर्तमानपत्र सगळ्यांच्या आधी उघडायचो आणि 'पाहिजेत'च्या जाहिराती तेवढ्या वाचून ठेवून द्यायचो. कारकून झालो नाही, ग्रामसेवक झालो नाही, मुलाखतीला गेलो तिथल्या जागा आधीच भरलेल्या असायच्या. हे सगळं मिळून आठवड्याचे दोन दिवस जात. उरलेले पाच दिवस मी पारावर बसून देशाच्या परिस्थितीवर बोलत असे.

वावरात जायला मी एकदा निघालो होतो, आठवतं? दादा केवढा चिडला! "बी.ए. झालेल्यानं डवरा हाकला त लोक मले हासतीन बे! मंग तुले शिकवलं काऊन?" मी दोनदा म्हणायला हवं होतं. एकदाच म्हटलं आणि गुपचूप मागं फिरलो. खरं सांगू? मला बरंच वाटलं.

पांढरा शर्ट आणि पांढरा पायजमा, हा माझा रिकामपणाचा गणवेश. तो धुवायच्या तुम्ही, नदीवर नेऊन. पितळी तांब्यात निखारे भरून इस्त्रीही तुम्हीच करायच्या, कडेवर तुमची तान्ही सुमी असली तरी. मी त्या इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून बाजेवर जपून बसत असे. आज माझा शर्ट मीच धुतो, पण त्यानं तुमच्या त्या तीन वर्षांचं काय होणार?

आणि घरात माझ्यासाठी म्हणून एकच काम होतं. तुमच्या माहेरची पत्रं वाचायची.

सुलतानपूरच्या गुरुजींकडून नामदेवभाऊ पत्र लिहवून घेत. निळ्या आंतर्देशीवर काठापर्यंत बारीक अक्षर. कोणाचे आशीर्वाद, कोणाचे नमस्कार, कोणाची गाय व्याली, कोणत्या विहिरीला पाणी लागलं. पोस्टमन येऊन गेला की तुम्ही हात पुसत चुलीपासून उठून यायच्या आणि खांबाला टेकून उभ्या राहायच्या. मी कागदावरून नजर फिरवायचो आणि म्हणायचो, "सगळे खुशाल आहेत. पाऊसपाणी बरं आहे. तुमची आठवण काढतात."

"एवढा कागद भरला हाये, अन् एवढंच?"

"तेवढंच आहे. बाकी नमस्कार-चमत्कार."

"मंग ते नमस्कार वाचा ना भाऊजी. कोनाकोनाचे हायेत?"

बी.ए.च्या परीक्षेत सारांशलेखनाला मला चांगले गुण होते. मी म्हटलं, "वहिनी, शिकलेल्या माणसाला थोडक्यात कळतं." तुम्ही हसलात. कागद माझ्या हातातून घेऊन त्यावरच्या ओळींवरून नुसतं बोट फिरवलंत आणि घडी करून डब्यात ठेवलात. दिवसभर रिकामा बसणारा मी, तुम्हाला तुमच्या आत्याचा नमस्कार वाचून दाखवायला मला वेळ नव्हता! तुम्हालाच अक्षरं शिकवावीत, हे तर तीन वर्षांत एकदाही सुचलं नाही.

आता तो सोमवार.

देऊळगाव राजाच्या एका नव्या हायस्कुलात मास्तरची जागा निघाली होती. शुक्रवारी मुलाखत. शाळेच्या कमिटीवरचे एक गृहस्थ दादाच्या बैलबाजारातल्या ओळखीचे होते आणि दादा माझ्याबरोबर येणार होता. दादा येणार म्हणजे काम होणार, असं मी धरूनच चाललो होतो. तीन वर्षांत पहिल्यांदा एखादी नोकरी हातभर अंतरावर आली होती.

आणि सोमवारी दुपारी सुलतानपूरचं पत्र आलं. दादा वावरात होता. तुम्ही खांबाला टेकून उभ्या राहिलात. मी काय वाचलं ते तुम्हाला आठवत असेल: "सगळे खुशाल आहेत. आईची तब्येत मधे जरा नरम होती, आता ठीक आहे."

पत्रात होतं ते असं. ते माझ्या सर्टिफिकेटांच्या फायलीत आहे, समोर ठेवून शब्द न् शब्द उतरवतो.

"चि. सौ. गंगूस अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की, आईने आठ दिवसांपासून अंथरूण धरले आहे. अन्न जात नाही. मेहकरच्या डॉक्टरांचे औषध चालू आहे, उतार नाही. दाराशी कोणी आले की, गंगू आली का, म्हणून विचारते. मी तिला उद्या येईल, परवा येईल असे सांगतो. तरी पत्र पाहताच दाजींना घेऊन निघावे. मुलीस आणावे, आईला तिला पाहायचे आहे. काकू, मोठी आत्या, शेजारची सरू यांचे आशीर्वाद. तुझा भाऊ नामदेव."

आजवर मी नुसतं गाळत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा पदरचं घातलं. 'आता ठीक आहे' हे तीन शब्द पत्रात कुठंही नव्हते, वहिनी. ते माझे होते.

दादाला हे कळलं असतं तर त्यानं त्याच दिवशी चिखली-मेहकरची गाडी धरली असती. लेकराला घेऊन, तीन ठिकाणी बस बदलून, तुम्हाला एकटीला त्यानं धाडलं नसतं. आणि शुक्रवारी तो माझ्याबरोबर नसता. एवढाच हिशेब मी केला. चार दिवसांनी काय होतंय? शनिवारी म्हणू, दुसरं पत्र आलं. पत्र मी तुमच्या हातात न देता खिशात घातलं. तुम्ही मागितलं नाहीत, कारण आई ठीक आहे हे ऐकून तुम्ही खुशीत चुलीकडे गेला होतात.

शुक्रवारी नोकरी लागली. बालाजीला नारळ फोडला. शनिवारी दुपारी प्रसाद घेऊन दादा आणि मी घरी आलो, तर ओट्यावर तुमचे चुलते बसलेले. आई गुरुवारी गेली होती. म्हातारे मोजकंच बोलले आणि पुढच्या रडारडीत कोणाला काही विचारायचं सुचलं नाही. प्रसादाची पुडी माझ्या हातात तशीच राहिली. त्या वेळी तरी बोलायचं ना! नाही बोललो. दादा तुम्हाला आणि सुमीला घेऊन लगेच निघाला, आणि मी दाराआड जाऊन खिशातलं पत्र फायलीत ठेवलं.

चौदा-पंधरा दिवसांनी तुम्ही परत आलात. मला दुसऱ्या दिवशी रुजू व्हायला जायचं होतं. तुम्ही माझे कपडे बाहेर काढलेत, निखारे फुंकलेत आणि एकेक शर्ट इस्त्री करून माझ्या ट्रंकेत घातलात. शेवटचा शर्ट ठेवताना माझ्याकडे न पाहता विचारलंत, "भाऊजी, त्या पत्रात अजून काही होतं का?"

मी म्हटलं, "नाही."

"बरं," तुम्ही म्हणालात, आणि ट्रंकेचं झाकण लावलंत.

त्यानंतर तुम्ही मला कधीच पत्र वाचायला दिलं नाहीत. मी सुट्टीत आलो तरी पोस्टमनलाच ओट्यावर बसवायच्या, चहा द्यायच्या आणि शेवटच्या नावापर्यंत वाचून घ्यायच्या. मला वाटायचं, मी आता मास्तर झालो, वहिनी मला त्रास देत नाहीत. इतका शहाणा मी!

काल पायरीवर बसून नामदेवभाऊ म्हणाले, "मास्तर, एक पत्र टायमावर भेटलं असतं त गंगूले आई भेटली असती. ती आल्या आल्या मी विचारलं, पत्र भेटलं नाही का? तिनं जरा इचार केला अन् म्हणे, नाही भाऊ, आलंच नाही. तवापासून आमच्या डाकवाल्याशी मी बोलत नाही. त्याच्या पोरीच्या लग्नालेही गेलो नाही."

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! सुलतानपूरच्या दारात पाय ठेवला तेव्हाच कळलं होतं. आई गेलेली, आणि तुम्ही मला वाचवलंत? की या घराची अब्रू वाचवलीत? दादाला सुद्धा सांगितलं नाहीत. दादानं माझं तोंड पुन्हा पाहिलं नसतं, म्हणून का?

आणि मग घरी येऊन, सगळं माहीत असताना, माझे शर्ट इस्त्री केलेत. विचारलंत ते कळावं म्हणून नव्हतंच. मला एकदा खरं बोलायला जागा दिली होती तुम्ही. वहिनी, एक शिवी तरी द्यायची होती! ट्रंक अंगणात फेकायची होती! तुमच्या त्या 'बरं'नं मला बारा वर्षं सुखानं झोपू दिलं, याचाच मला आता राग येतो. तुमच्यावर नाही, पण कोणावर काढू?

बारा वर्षं मी वर्गात पोरांना सांगतो, धडा सोडून वाचू नका, ओळ गाळू नका. कसा सांगत असेन, कोण जाणे.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "राहू द्या भाऊजी, झालं ते झालं." पण तिकडे एक म्हातारा डाकवाला आपल्याकडून पत्र हरवलं असं समजून तुमच्या भावासमोरून मान खाली घालून जात असेल. तुमची झाकलेली गोष्ट मी उघडी करतोय. तुम्ही भावाशी खोटं बोललात, हे त्यांना माझ्या तोंडून कळणार. त्याबद्दलही क्षमा मागायला हवी, आणि मागायला तुम्ही नाही.

तरी वचन देतो. आज दादाला सांगतो. उद्याच्या पहिल्या गाडीनं सुलतानपूरला जातो. नामदेवभाऊंना त्यांचं पत्र देईन, मग त्यांच्याबरोबर, किंवा ते आले नाहीत तर एकटा, त्या डाकवाल्याच्या घरी जाईन. ते आत घेवोत की न घेवोत. दारात उभा राहून सांगेन की पत्र वेळेवर पोचलं होतं, आणि ते ज्याच्या हातात पोचलं तो बी.ए. झालेला माणूस मी आहे.

तुमचा अपराधी भाऊजी,
वसंता